पासवर्ड कोणाकडे?

जून २०२३ मधली गोष्ट. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत माझ्या नणंदबाई चार दिवस माहेरपणाला आल्या होत्या. त्यांच्या यजमानांची बदली आमच्याच तालुक्यात होणार होती. धाकट्याला पाचवीत कुठे घालायचं, हा विषय चहाबरोबर निघाला. मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, ‘‘वन्सं, आमच्या शाळेची स्वतःची वेबसाइट आहे. बसल्या जागी सगळं बघून घ्या.’’ शाळेच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेला तो पत्ता मला तोंडपाठ होता. उद्घाटनाच्या दिवशी नारळ वाढवताना मी शेजारीच उभी होते ना! भाचीने पत्ता मोबाइलवर टाकला आणि पडद्यावर आली ऑनलाइन रमीची जाहिरात. ‘‘मामी, तुमच्या शाळेत पत्ते शिकवतात का हो?’’ घरात हशा पिकला.

मीही हसले. पण रात्री ओटा पुसताना ते हसू घशात अडकलं. ती वेबसाइट काही आकाशातून पडलेली नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये जवळच्या शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं आमच्याकडे शिबिराला आली होती. आमच्या महिला मंडळाने त्यांच्या जेवणाची सोय केली होती. वेबसाइटच्या खर्चासाठी आणि शाळेच्या टीव्हीसाठी लोकवर्गणी गोळा करत मी स्वतः दारोदार फिरले होते. मुलांनी सात दिवस रात्रंदिवस राबून वेबसाइट उभी केली, बंद पडलेले संगणक सुरू केले, दोन वर्गांत टीव्ही बसवले. शेवटच्या दिवशी भाषणं झाली, फोटो निघाले. ‘आमची शाळा आता जगाच्या नकाशावर’ हे वाक्य मीच भाषणात म्हटलं होतं.

मग झालं काय? वेबसाइटचा पत्ता हा घरासारखा विकत घेतलेला नसतो, तो मुदतीने घेतलेला असतो. मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे, नाहीतर काही दिवसांनी तो दुसरा कुणीही घेऊ शकतो. मुलांनी तीन वर्षांचे पैसे भरले होते. डिसेंबर २०२२ मध्ये मुदत संपली. त्याची सूचना ज्या ई-मेलवर गेली तो ई-मेल होता त्या शिबिरातल्या एका मुलाचा. तो मुलगा कधीच पदवी घेऊन परराज्यात नोकरीला लागलेला. शाळेत कुणाला काही कळलंच नाही. वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेरचा खर्च, तो कुणी भरला नाही, आणि शाळेच्या नावावर रमीवाल्याने दुकान थाटलं. भिंतीवरचा निळा पत्ता मात्र तसाच, आल्यागेल्याला रमीकडे बोलावणारा!

हे इतकंच असतं तर विनोदी किस्सा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच्या आदल्या वर्षीचा, ऑगस्ट २०२२ मधला प्रसंग मला विसरता येत नाही.

वेबसाइटवर ‘आमच्या गुणवंत विद्यार्थिनी’ असं एक पान होतं. त्यात चित्रकला, वक्तृत्व, खो-खो यांत बक्षिसं मिळवलेल्या मुलींची यादी होती. शिबिरातल्या मुलांनी वेबसाइट अशी करून दिली होती, की ऑफिसातल्या संगणकावरून यादी चढवली की ती आपोआप दिसायची. ऑफिसने होती तशी यादी चढवली. मुलीचा फोटो, पूर्ण नाव, इयत्ता, घरचा पत्ता आणि पालकांचा मोबाइल नंबर, सगळं उघड! वाईट हेतू कुणाचाच नव्हता. कौतुकच करायचं होतं.

सातवीतल्या एका मुलीच्या घरी रात्री-अपरात्री फोन यायला लागले. समोरचा माणूस तिचं नाव घेऊन बोलायचा, तिच्या फोटोबद्दल बोलायचा. तिची आई शिवणकाम करते, आमच्या बचत गटात आहे. ती माझ्याकडे रडत आली, ‘‘ताई, ह्यांनी सांगितलंय, पोरीला उद्यापासून शाळेत पाठवायची न्हाई. नंबर माझा, फोटो तिचा, आन् बोलणी मलाच.’’ आम्ही तो नंबर पोलिसांना दिला. तो फोन बंद झाला. पण पान तसंच होतं, उद्या दुसरा कुणी फोन करेल ही भीती होती. बापाची अट एकच, ते पान जाईस्तोवर मुलगी घरात.

आणि ते पान काढता येईना! ऑफिसला यादी चढवता येत होती, काढता येत नव्हती. त्यासाठी लागणारा मुख्य पासवर्ड होता त्या परराज्यातल्या मुलाकडे, आणि त्याचा जुना नंबर बंद. मुख्याध्यापिकाबाईंनी महाविद्यालयाला पत्र लिहिलं, मी दोनदा जाऊन आले. तिथले प्राध्यापकही बदललेले. अखेर त्याच्या एका वर्गमित्राकडून त्याचा पत्ता लागला. फोन केला तर मुलगा बिचारा इतका खजील झाला, की ‘सॉरी काकू, सॉरी काकू’ शिवाय त्याला शब्द सुचेना. त्याने पाच मिनिटांत ते पान काढून टाकलं.

पाच मिनिटांच्या कामाला आम्हाला एकोणीस दिवस लागले. एकोणीस दिवस एक हुशार मुलगी, काही चूक नसताना, घरात बसून होती. ती चित्रं छान काढते, एवढाच तिचा गुन्हा.

मैत्रिणींनो, ही सगळी हकिगत आज सांगायचं कारण वेगळंच आहे. विद्यार्थ्यांनी शाळांना संगणकाच्या कामात मदत करणं ही आता हौसेची किंवा अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास समाजाचं काम आणि सात दिवसांचं शिबिर, हे आपल्यातल्या कितीतरी जणींनी महाविद्यालयात असताना केलंय. आमच्या वेळी शोषखड्डे खणायचे, झाडं लावायची, रस्ते दुरुस्त करायचे. आता फावड्याच्या जोडीला लॅपटॉप आला. त्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात पदवीच्या अभ्यासक्रमाची जी रचना झाली, तिच्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाचा प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. म्हणजे समाजासाठी केलेल्या कामाचा पदवीत हिशेब धरला जाणार. दरवर्षी हजारो मुलं ‘काय करू?’ म्हणून विचारत येणार, आणि सगळ्यांत जवळचं, सोपं ठिकाण म्हणजे शाळा.

शाळांनाही गरज आहेच. केंद्र सरकारच्या यूडायस प्लस या शाळांच्या नोंदीनुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक होते, २०२४-२५ मध्ये ते प्रमाण ६४.७ टक्के झालं. इंटरनेट असलेल्या शाळा ५३.९ टक्क्यांवरून ६३.५ टक्क्यांवर गेल्या. एका वर्षात ही वाढ कमी नाही. पण संगणक शाळेत असणं आणि तो मुलांच्या हाती येणं यात किती अंतर असतं, ते कुलपात ठेवलेली संगणक खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. खोक्यावर प्लास्टिकचं आवरण, त्यावर धूळ, आणि दाराला भलंमोठं कुलूप. कारण काय, तर ‘बिघडला तर कोण दुरुस्त करणार?’

इथे विद्यार्थी खरंच उपयोगी पडतात. आमच्याच शाळेचं उदाहरण घ्या. ऑफिसात वर्षानुवर्षांचा मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला. दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची नुसती खिचडी. शिबिरातल्या मुलांनी तो युनिकोडमध्ये करून दिला, तेव्हा आमच्या लिपिकभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसरं उदाहरण जुन्या यंत्रांचं. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि त्यापुढची विंडोज ११ पुष्कळशा जुन्या संगणकांवर चालतच नाही. ज्या शाळांत देणगीत आलेले जुनेच संगणक आहेत, त्यांनी ते भंगारात द्यायचे का? तर नाही. लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालून त्यातले बरेच आणखी काही वर्षं चालवता येतात. ज्याला हे काम येतं असा विद्यार्थी शाळेसाठी देवासारखा.

मग बिनसतं कुठे? माझं उत्तर असं, की आपण मदतीचा सोहळा करतो, हस्तांतर करत नाही. घर बांधून दिलं, वास्तुशांत केली आणि किल्ली गवंड्याच्याच खिशात राहिली, असला प्रकार. विद्यार्थ्यांचं वय आणि त्यांचं वेळापत्रक बघा. परीक्षा, प्लेसमेंट, नोकरी. दोन-तीन वर्षांत ती जाणारच, जायलाच हवीत. त्यांना दोष कशाला द्यायचा? जाणाऱ्या माणसावर कायमचं काम टाकलं, ही चूक आपली, थांबणाऱ्यांची.

आणि शाळेत थांबणारं कोण असतं? बाई, शिपाईमामा, लिपिक आणि मुलं. त्यातही मुलं पाचवी ते दहावी सहा वर्षं तिथेच असतात. हे केरळने फार आधी ओळखलं. तिथे २००१ पासून शाळांमध्ये संगणक शिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली. पुढे त्यांनी महागड्या परवान्यांच्या मागे न लागता मोफत, मुक्त सॉफ्टवेअर शाळांत आणलं. जानेवारी २०१८ मध्ये ‘लिटल काइट्स’ नावाची योजना आली. माध्यमिक शाळांमध्ये आठवीच्या मुलांची चाचणी घेऊन गट करतात, त्यांना वर्गातल्या यंत्रांची देखभाल, मल्याळम टायपिंग, ॲनिमेशन, प्रोग्रॅमिंग शिकवतात. त्याच सुमारास तिथे आठवी ते बारावीच्या ४५ हजार वर्गांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बसवण्याचं काम चाललं होतं. प्रोजेक्टर लागत नाही, आवाज येत नाही, अशी अडचण आली की वर्गातलंच पोर उठतं. शहरातून तंत्रज्ञ यायची वाट बघावी लागत नाही.

वेबसाइटचाही त्यांनी शहाणपणाचा विचार केला. प्रत्येक शाळेने वेगळा पत्ता घ्यायचा, वेगळे पैसे भरायचे आणि मग ते विसरायचे, त्यापेक्षा सगळ्या शाळांसाठी मिळून एकच ‘स्कूल विकी’. पंधरा हजारांहून अधिक शाळांची माहिती मल्याळममध्ये तिथे एकत्र आहे आणि ती भरण्यात शाळेतल्या मुलांचाही हात असतो. शाळेचा इतिहास, गावाची माहिती, माजी विद्यार्थी. मुदत संपली आणि रमीवाला आला, हा प्रश्नच नाही.

मला त्यातल्या दोन गोष्टी फार आवडल्या. एक म्हणजे प्रत्येक शाळेत या गटाला दोन शिक्षक असतात, ‘काइट मास्टर’ आणि ‘काइट मिस्ट्रेस’. म्हणजे संगणकाच्या कामात एक शिक्षिका असणार, हे योजनेतच ठरलेलं. आणि दुसरी गोष्ट, २०२२ मध्ये या मुलांच्या गटांमार्फत लाखो आयांना इंटरनेटवरच्या धोक्यांविषयी प्रशिक्षण देण्यात आलं. पासवर्ड कसा ठेवायचा, फसवे फोन कसे ओळखायचे, हे मुलांनी आयांना शिकवलं. आमच्या त्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीला असं कुणी शिकवलं असतं तर, असं मला वाचताना वाटून गेलं.

केरळची गोष्ट वेगळी, त्यांच्यामागे सरकार उभं होतं, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण आपल्याकडेही जिथे जिथे हे काम रुजलं, तिथे मुळं गावातच होती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. त्यांचं पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचं काम सगळ्यांना माहीत आहे. पण ती कल्पना बाहेरून कुणी आणून बसवली नव्हती, रोज वर्गात उभ्या राहणाऱ्या मास्तरांच्या गरजेतून ती आली, हे विसरायला नको.

आता थोडं आपल्या बायकांविषयी बोलते. शिबिराच्या वेळी मी एक पाहिलं होतं, तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला नव्हता. संगणकापुढे बसलेली सगळी मुलगे. मागे वह्या घेऊन उभ्या मुली. का, तर त्यांचं अक्षर चांगलं, त्या ‘नोंदी’ घेणार! आणि सगळ्यांत मागे दाराजवळ आमच्या बाई. ‘‘मला त्यातलं काही कळत नाही हो, तुम्ही करा,’’ असं म्हणत होत्या. याच बाईंनी पूर्वी एमएस-सीआयटीची परीक्षा दिलीय. आपल्या राज्यात २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि त्यानंतर गावोगावी ती परीक्षा देण्याची लाटच आली. मीसुद्धा धाकट्याला आईकडे ठेवून दिली होती. प्रमाणपत्र कपाटात आहे. पण माउस कायम दुसऱ्याच्या हातात! घरी नवऱ्याच्या, शाळेत सरांच्या, शिबिरात पोरांच्या.

ही सवय लहानपणापासून लागते. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलामुलींचा विचार केलाय. जवळजवळ ९० टक्के घरांत स्मार्टफोन आहे. पण ज्यांना तो वापरता येतो, त्यांच्यापैकी स्वतःचा फोन किती जणांकडे? मुलगे ३६.२ टक्के आणि मुली २६.९ टक्के. मुलाला फोन ‘देतात’, मुलीला तो ‘मागावा’ लागतो. ज्या मुलीच्या घरी फोन तिच्या हाती येत नाही, तिच्यासाठी शाळेतला संगणक ही एकमेव जागा असते. तिथेही ती मागे उभी राहून नोंदी घेणार असेल, तर त्या संगणकाचा तिला काय उपयोग?

रमीच्या प्रकारानंतर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, ‘‘नको ती वेबसाइट अन् नको ती मदत.’’ त्यांचा वैताग मला समजत होता. पण दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही सोडून द्यायचं का? आम्ही बसून बोललो. भिंतीवरचा पत्ता आधी पांढऱ्या रंगाने पुसला. मग २०२४ च्या जुलैत गावातल्याच कला महाविद्यालयाच्या सहा मुली मदतीला आल्या. मुद्दामच गावातल्या. अभियांत्रिकीच्या नाहीत, माझ्यासारख्याच बी.ए.च्या! त्यांना फार काही येत नव्हतं. पण त्या दर शनिवारी येऊ शकत होत्या, आणि ‘आम्हाला येत नाही, आपण मिळून बघू’ असं म्हणायची त्यांना लाज वाटत नव्हती. बाईंची भीड यामुळेच मोडली असं मला वाटतं.

सुरुवातीलाच आम्ही एका कागदावर काही गोष्टी लिहून काढल्या. शाळेचा स्वतःचा ई-मेल असेल, कुणा एका माणसाचा नाही. सगळे पासवर्ड एका पाकिटात, ते पाकीट मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात. पासवर्ड बदलला की पाकिटातला कागद बदलायचा, वर तारीख घालायची. जे काही बसवलं जाईल ते शाळेतल्या किमान दोघांना स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे, त्यातली एक बाई असली पाहिजे. करून दाखवलं म्हणजे शिकवलं असं धरायचं नाही. पैसे भरायच्या तारखा शाळेच्या वार्षिक नियोजनाच्या तक्त्यावर, स्नेहसंमेलन आणि सहलीच्या शेजारी.

आणि सगळ्यांत वर, लाल शाईने, मुलांचे फोटो आणि नावं एकत्र टाकायची नाहीत. पत्ते, फोन नंबर तर कधीच नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाला, त्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पण कायदा सांगतो म्हणून नव्हे, आम्ही ते एकोणीस दिवस पाहिले होते म्हणून.

मग वेबसाइटवर टाकायचं काय, असा प्रश्न आलाच. गुणवंतांचे फोटो नाहीत, पाहुण्यांचे सत्कार नाहीत, तर उरलं काय? पुष्कळ काही. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा सांगतो, की सार्वजनिक संस्थांनी कामकाजाची माहिती लोकांनी मागायच्या आधी स्वतःहून द्यावी. आईबापांना खरं तर हेच हवं असतं. शाळेत शिक्षक किती, कुठला विषय कोण शिकवतं, शुल्क किती आणि कशाचं, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, शिष्यवृत्तीचे अर्ज कधी भरायचे, तक्रार कुणाकडे करायची. आता शाळेची जी साधी, मोफत जागेवरची चार पानं आहेत, त्यात एवढंच आहे. दिसायला पहिल्या वेबसाइटच्या नखाची सर नाही. पण बाई स्वतः ती बदलतात. परवा पावसामुळे शाळा सोडली, त्याची सूचना बाईंनी दहा मिनिटांत चढवली आणि मला फोन करून सांगितलं, ‘‘बघा हो, दिसतंय का?’’ पन्नाशी उलटलेल्या त्या बाईंच्या आवाजातला आनंद मला फोनवरही दिसला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. दोन टीव्हींपैकी एक विजेच्या चढउतारात जळाला, तो अजून तसाच आहे. आठवी-नववीच्या मुलामुलींचा देखभालीचा गट केला, त्यातले तिघं परीक्षा आली तशी गळाली. बी.ए.च्या दोन मुलींची लग्नं ठरली आणि त्यांचे शनिवार संपले. पण त्या गेल्या म्हणून काम थांबलं नाही, कारण जाताना त्यांना किल्ली सोबत नेता येत नव्हती. ती कपाटात होती.

ती मुलगी? ती यंदा दहावीत आहे. चित्रं अजून काढते. आम्ही तिला गटात ये म्हटलं, तर तिने मान हलवली, ‘‘नको काकू, मला त्यात नको.’’ मी आग्रह केला नाही. काही गोष्टी पान पुसलं तरी पुसल्या जात नाहीत.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्यात आणि समितीत निम्म्या बायका असल्याच पाहिजेत असं सांगितलंय. सरकारी आणि अनुदानित शाळांना हे लागू आहे. बहुतेक ठिकाणी आपण जातो, सही करतो, चहा-बिस्कीट घेऊन येतो. यापुढे शाळेत कुणी संगणक द्यायला, वेबसाइट करायला, ‘स्मार्ट’ वर्ग बसवायला आलं, की तीन प्रश्न विचारा. तुम्ही गेल्यावर हे कोण चालवणार? आमच्या मुलींना हे हाताळायला मिळणार का? आणि पासवर्ड कोणाकडे राहणार? यासाठी संगणक यायला लागत नाही. घर चालवणाऱ्या बाईला किल्ल्यांचं महत्त्व शिकवावं लागत नाही. आणि मदतीला येणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं, की तुमचं काम किती चकचकीत झालं यावर जाऊ नका. तुम्ही नसताना ते चालतं का, ते बघा.

गेल्या महिन्यात शाळेत एक देणगीदार आले होते. मोठा स्मार्ट बोर्ड द्यायचा होता. समितीची बैठक होती, सगळे खूश होते, टाळ्या वाजल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. आमची तीच शिवणकाम करणारी मैत्रीण. तिचा धाकटा मुलगा आता सहावीत आहे, म्हणून ती समितीवर आलीय. पदर सावरत उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘साहेब, देताय ते बरं हाय. पर त्याचा पासवर्ड कुणाकडं ऱ्हाणार?’’

साहेब क्षणभर गोंधळले. बाईंनी उठून कपाटातलं पाकीट आणलं आणि टेबलावर ठेवलं.